अतिवृष्टीचं अनुदान नेमकं कुठं अडकलंय ते कागदावर कसं शोधायचं

दरवर्षी दिवाळीच्या आसपास गावात एकच प्रश्न फिरत असतो, "तुझं आलं का?" मग ज्याचं आलं तो गप्प बसतो आणि ज्याचं नाही आलं तो तहसीलला चकरा मारतो. मीपण मारल्यात. काकांच्या सोयाबीनचं अनुदान आलं नव्हतं तेव्हा चार वेळा गेलो आणि चारही वेळा एकच विचारलं, साहेब पैसे कधी येणार, आणि चारही वेळा एकच उत्तर, वरून आले की येतील. पाचव्या वेळी एका रिटायर्ड अव्वल कारकुनाने सांगितलं की बाबा पैसे विचारू नको, कागद विचार. तेव्हापासून मी तेच करतो आणि गावातल्या बऱ्याच जणांचं त्यातून निघालंय, म्हणून म्हटलं एकदा सगळं सविस्तर लिहून टाकावं. हे महाराष्ट्रापुरतं आहे आणि मुख्यतः शेतीपिकाच्या अनुदानाबद्दल आहे, घर, जनावर याचं मध्ये थोडं येईल.

आधी एक गोंधळ मिटवू. पीक विमा वेगळा आणि अनुदान वेगळं. विमा म्हणजे कंपनीकडून, तुम्ही हप्ता भरलाय म्हणून. अनुदान म्हणजे सरकारी मदत, हप्ता बिप्ता काही नाही, पंचनाम्यावर मिळते. लोक विम्याची तक्रार तहसीलला करतात आणि अनुदानाची तक्रार विमा कंपनीच्या टोल फ्री नंबरवर, आणि दोन्हीकडून हात हलवत परत येतात. तसंच ज्याला विमा मिळाला त्याला अनुदान मिळत नाही असं कोणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या.

आता पैसा चालतो कसा ते बघा. महसूल मंडळात (म्हणजे काही गावांच्या गटात) २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. मग तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून पंचनामा करतात (तिघांचीही पदनावं मध्यंतरी बदललीत, तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात कोण म्हणतंय). नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असेल तरच नाव पुढं जातं. गावाची यादी तहसीलला, तहसीलचा एकत्रित अहवाल कलेक्टर ऑफिसला, तिथून विभागीय आयुक्त, तिथून मंत्रालयात मदत व पुनर्वसन. मग जीआर म्हणजे शासन निर्णय निघतो, निधी परत त्याच शिडीने खाली उतरतो, तहसीलदार लाभार्थ्यांची यादी पोर्टलवर भरतात, प्रत्येकाला एक विशिष्ट क्रमांक पडतो ज्याला सगळे व्हीके नंबर म्हणतात, तुम्ही ई-केवायसी करता आणि पैसा आधारला जोडलेल्या बँक खात्यात पडतो. म्हणजे सहा-सात टेबलं. तुमचा पैसा यातल्या एकाच टेबलावर अडकलेला असतो. "वरून आले की येतील" हे उत्तर देणाऱ्याला बरेचदा स्वतःलाच माहीत नसतं की कुठल्या. ते आपण शोधायचं.

सुरुवात वरून करा, म्हणजे जीआरपासून. उलट वाटेल, पण हाच कागद सगळ्यात सहज मिळतो, घरबसल्या आणि फुकट. राज्य सरकारच्या शासन निर्णयांच्या साइटवर जायचं, विभागात "महसूल व वन विभाग" निवडायचं, कारण मदत व पुनर्वसनचे जीआर तिथेच सापडतात आणि लोक भलत्याच विभागात शोधत बसतात. शब्द टाकून शोधण्यापेक्षा तारखेची रेंज टाका असं माझं म्हणणं आहे, कारण शीर्षकात कधी "अतिवृष्टी" असतं, कधी "शेतीपिकांच्या नुकसानीकरिता", कधी नुसतं "नैसर्गिक आपत्ती", आणि एखादी वेलांटी चुकली तरी सर्च रिकामा येतो. क्रमांकात "सीएलएस" आणि शेवटी "म-३" असं दिसलं की समजायचं पीक नुकसानीचाच आहे.

पीडीएफ उघडली की सगळे आकडा बघायला पळतात, एवढे कोटी तेवढे कोटी. आकडा नंतर. आधी बघा की हा जीआर कुठल्या महिन्यांच्या नुकसानीचा आहे. तुमचं शेत सप्टेंबरमध्ये पाण्याखाली होतं आणि जीआर जून ते ऑगस्टचा असेल तर तुम्ही त्यात नाहीच, मग तलाठ्याशी भांडून काय उपयोग, तुमचा जीआर यायचा असेल. दुसरं, शेवटी जोडलेलं प्रपत्र. त्यात जिल्हावार बाधित शेतकऱ्यांची संख्या, बाधित क्षेत्र आणि मंजूर निधी असा तक्ता असतो. तुमचा जिल्हा तक्त्यात नसेल तर अडकलंय ते वर, कलेक्टर किंवा आयुक्तांच्या प्रस्तावात. जिल्हा असेल तर अडकलंय ते खाली. एवढ्या एका तक्त्याने अर्धी शोधाशोध संपते.

आणखी तीन वाक्यं प्रत्येक जीआरमध्ये शोधायची सवय लावा. एक, "एका हंगामात एकवेळ" असं असतं, म्हणजे जुलैच्या नुकसानीचं घेतलं असेल तर त्याच हंगामात सप्टेंबरचं परत सहसा मिळत नाही, आणि लोकांची निम्मी तक्रार इथंच असते. दोन, बँकांनी ही रक्कम कर्जखात्यात वळती करू नये असं लिहिलेलं असतं. बँकेने पैसे कर्जाला लावले किंवा होल्ड टाकला तर हे पान प्रिंट करून मॅनेजरसमोर ठेवा, तोंडी सांगून कोणी ऐकत नाही, कागद बघितला की सूर बदलतो. तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, वाटप झाल्यावर लाभार्थ्यांची यादी आणि मदतीचा तपशील जिल्ह्याच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करावा असा आदेश जीआरमध्येच असतो. म्हणजे यादी दाखवणं ही साहेबांची मेहरबानी नाही, त्यांना तसा लेखी हुकूम आहे.

दराचं पण बोलू, कारण व्हॉट्सअपवर दरवर्षी चार वेगवेगळे दर फिरतात आणि गंमत म्हणजे चारही कुठल्या ना कुठल्या वर्षी खरे असतात. केंद्राचे राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे निकष जे २०२२ ते २०२६ साठी ठरले त्यात हेक्टरी जिरायत ८,५००, बागायत १७,००० आणि बहुवार्षिक फळपिकं २२,५००, दोन हेक्टरच्या मर्यादेत. या निधीत ७५ टक्के केंद्राचे आणि २५ टक्के राज्याचे असतात. पण राज्य स्वतःच्या खिशातून वाढवून देऊ शकतं. २०२२ च्या पावसाळ्यात राज्याने १३,६००, २७,००० आणि ३६,००० असा दर दिला होता, तीन हेक्टरपर्यंत. मग २०२५ च्या मे महिन्यात परत ८,५०० वाला दर आणि दोन हेक्टर, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरला मोठ्या पुरानंतर ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर झालं त्यात मर्यादा परत तीन हेक्टर आणि रब्बीच्या बी-बियाण्यासाठी हेक्टरी १०,००० वेगळे. त्यामुळे शेजारच्या तालुक्यातल्या पाहुण्याला किती आले यावरून आपला हिशोब लावू नका, आपल्या जीआरमधला दर बघा.

हिशोब स्वतः करा, सोपा आहे. एक हेक्टर म्हणजे १०० आर, एकर म्हणजे ४० आर. जिरायत ८,५०० दर असेल तर एकराला ३,४०० होतात, बागायत १७,००० असेल तर ६,८००. पंचनाम्यात ६० आर जिरायत लिहिलं असेल तर ५,१०० यायला पाहिजेत. ३,४०० च आले असतील तर कोणीतरी ६० चं ४० केलंय किंवा तेवढंच बाधित धरलंय. विहिरीवरचं शेत जिरायत टाकलं असेल तर रक्कम बरोबर निम्मी येते, हे तर फारच कॉमन आहे. आलेल्या रकमेवरून उलटं गणित केलं की चूक कुठल्या रकान्यात झालीय ते घरीच कळतं आणि मग ऑफिसात गेल्यावर "कमी आले" असं मोघम न म्हणता "गट नंबर अमुक, क्षेत्र ६० आर ऐवजी ४० लागलंय" असं म्हणता येतं. समोरच्या माणसाला पण बरं पडतं ते.

घराचं आणि जनावरांचं थोडक्यात, त्याच निकषातलं: पूर्ण पडलेलं घर सपाट भागात १,२०,००० आणि डोंगराळ भागात १,३०,०००, दुभती गाय-म्हैस ३७,५००, बैल ३२,०००, शेळी-मेंढी ४,०००, माणूस दगावला तर वारसांना ४ लाख. जमीन खरडून किंवा नदीचं पात्र बदलून गेली तर हेक्टरी ४७,०००, आणि शेतात साचलेला गाळ काढायला १८,०००. या शेवटच्या दोन गोष्टींचा वेगळा पंचनामा लागतो हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, पिकाचा झाला म्हणजे झालं असं वाटतं आणि वाहून गेलेल्या मातीचं कोणी लिहूनच घेत नाही.

आता खाली येऊ. जिल्हा तक्त्यात आहे, दर कळला, मग जिल्ह्याची साइट उघडा. बहुतेक जिल्ह्यांच्या साइट एकाच साच्यातल्या आहेत, "दस्तऐवज" किंवा "सूचना" असा मेनू असतो, त्यात तालुकावार पीडीएफ सापडल्या तर सापडल्या. काही जिल्हे व्यवस्थित टाकतात, काही ठिकाणी तीन वर्षांपूर्वीची यादी शेवटची असते. मोबाइलवर ती पीडीएफ स्कॅन केलेली तिरकी येते, नाव सर्च होत नाही, तर नावाने न शोधता गावाने पान काढा आणि गट नंबरने बघा. नावं तर काय वाट्टेल तशी टाइप झालेली असतात.

साइटवर नसेल तर गावात. व्हीके यादी तहसीलहून तलाठ्याकडे येते, ती चावडीवर किंवा ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लावली जाते, हल्ली गावच्या ग्रुपवर पण पडते. त्यात तुमचं नाव आणि विशिष्ट क्रमांक असेल तर आधार कार्ड आणि पासबुक घेऊन आपले सरकार सेवा केंद्रात ई-केवायसी. अंगठा देण्याच्या आधी स्क्रीनवर जे दिसतं ते वाचा हो, गट नंबर, क्षेत्र, रक्कम, खातं. घाईत अंगठा दिला की तुम्ही ते मान्य केलं. चुकीचं असेल तर मान्य न करता तिथूनच तक्रार टाकता येते, ती तहसीलला जाते. पावती घ्या आणि तिचा फोटो काढून ठेवा. ज्यांचा फार्मर आयडी तयार आहे त्यांना २०२५ च्या मदतीत ई-केवायसीतून सूट होती, म्हणून आधी ते विचारून घ्या, उगाच रांगेत उभं राहू नका. नंतर त्याच विशिष्ट क्रमांकावरून पोर्टलवर पैसे पडले का, का परत गेले, ते दिसतं.

परत गेले असतील तर नव्वद टक्के वेळा भानगड आधारची असते (नव्वद हा माझा अंदाज, सरकारी आकडा नाही). तुम्ही पासबुक दिलं एका बँकेचं आणि आधार जोडलंय भलत्याच बँकेला, कधीतरी कोणीतरी झिरो बॅलन्स खातं काढून दिलेलं असतं आणि पैसे तिकडं जाऊन पडलेले असतात. आधारच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटस बघता येतं, ओटीपी टाकला की कुठल्या बँकेला आधार जोडलंय ते येतं. आमच्या शेजारच्या आजींचे पैसे दोन वर्षं त्यांना माहीत नसलेल्या खात्यात पडून होते, तोवर तलाठ्याला शिव्या घालून झाल्या होत्या.

सामाईक खातं असेल तर बाकीच्या खातेदारांचं संमतीपत्र लागतं, आणि सातबारावर वारलेल्या माणसाचं नाव असेल तर आधी वारसनोंद. याला शॉर्टकट नाही.

आता ज्यांचं नाव यादीतच नाही त्यांचं. इथं तोंडी विचारणं बंद करायचं आणि माहिती अधिकार वापरायचा. माहिती अधिकार कायदा २००५, कलम ४(१)(ख) मध्येच आहे की अनुदानाच्या कार्यक्रमांची अंमलबजावणी, वाटप केलेली रक्कम आणि लाभार्थ्यांचा तपशील कार्यालयाने स्वतःहून जाहीर करायचा, कोणी मागायची वाट न बघता. हे वाक्य अर्जात घालायचंच. महाराष्ट्रात अर्ज जोडपत्र "अ" च्या नमुन्यात, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर तेपण नाही. आणि आपल्या राज्याचा एक नियम लक्षात ठेवा, एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. लोक चार पानं लिहितात, गावचं राजकारण, सरपंचाने काय केलं, त्यात तलाठ्याचा स्वभाव, आणि मग अर्ज तेवढ्यावरच निकाली निघतो.

मी साधारण असं लिहितो, जसंच्या तसं उचला:

"मौजे (गाव), ता. (तालुका) येथील (महिना व वर्ष) मधील अतिवृष्टीने झालेल्या शेतीपीक नुकसानीबाबत पुढील कागदपत्रांच्या प्रती मिळाव्यात. १) गट क्रमांक (  ) च्या पंचनाम्याची प्रत. २) गावाची पंचनाम्यावरून तयार केलेली बाधित शेतकऱ्यांची यादी. ३) पोर्टलवर भरलेली गावाची लाभार्थी यादी, क्षेत्र व रकमेसह. ४) गावासाठी प्राप्त, वाटप झालेला व शिल्लक किंवा परत गेलेला निधी दर्शवणारा कागद. ही माहिती कलम ४(१)(ख) नुसार स्वतःहून प्रसिद्ध करणे अपेक्षित आहे."

बघा, यात "का" कुठंच नाही. माझं नाव का वगळलं असं विचारलं की उत्तर येतं, कारण विचारणं हे माहितीच्या व्याख्येत बसत नाही. कागद मागायचा, का ते कागदच सांगतो. दोन नंबर आणि तीन नंबरची यादी शेजारी शेजारी ठेवली की दिसतं, पंचनाम्यात नाव आहे आणि पोर्टलवर नाही म्हणजे गळालं तहसीलच्या डेटा एंट्रीत, दोन्हीत नाही म्हणजे गळालं बांधावर. काकांचं पंचनाम्याच्या यादीत होतं. पोर्टलच्या यादीत त्यांच्या गट नंबरचे दोन आकडे उलटे पडले होते, आणि त्या नंबरचा गट गावात नव्हताच, म्हणून नाव बाद. दोन आकड्यांसाठी आठ महिने.

या याद्या शेजारी ठेवण्याचा दुसरा उपयोग म्हणजे नसलेली माणसं सापडतात. जालना जिल्ह्यात अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत अतिवृष्टी अनुदानात बोगस लाभार्थी दाखवून पैसे उचलल्याचं प्रकरण २०२५ मध्ये बाहेर आलं, तलाठी निलंबित झाले. शेती नसलेल्यांची नावं घुसवणं हे यादी बंद कपाटात असली तरच जमतं.

माहिती अधिकारी आजकाल एक उत्तर हमखास देतात, की ही वैयक्तिक माहिती आहे. ते कलम म्हणजे ८(१)(ञ), आणि डेटा संरक्षण कायद्याने ते बदललंय, नोव्हेंबर २०२५ पासून आधीपेक्षा कडक झालंय, आधी त्याच कलमात जनहिताची जी सूट होती ती गेली. पण कलम ८(२) तसंच आहे, जनहित मोठं असेल तर माहिती देता येते. आणि जीआरमध्ये यादी प्रसिद्ध करा असा आदेश असताना ती गुप्त कशी, हा मुद्दा अपिलात लिहायचा. स्वतःच्या गटाचा पंचनामा तर तुमचाच आहे, त्याला नाही म्हणायला जागा नाही. इतरांचे आधार आणि खाते नंबर मागू नका, झाकून द्या असं आपणच लिहायचं, म्हणजे नकाराचं निमित्त राहत नाही.

अर्ज कुठं द्यायचा याचा फार विचार करू नका, तहसील कार्यालयात द्या. माहिती दुसऱ्या ऑफिसची निघाली तर त्यांनीच पाच दिवसांत तिकडं पाठवायचा असतो. पोच घ्या, तारखेच्या शिक्क्यासकट. ३० दिवस मोजा. नंतर प्रती पानाला २ रुपये असं पत्र येतं ते भरा. ३० दिवस उलटून गेल्यावर दिली तर फुकट द्यावी लागते, तरी पैसे मागितले तर कलम ७(६) दाखवा.

अर्ज करायचा कंटाळा असेल तर एक कमी माहीत असलेली सोय आहे. २०१८ च्या शासन निर्णयानुसार जिल्हास्तरावरच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख बघायला द्यायचे असतात. कलेक्टर ऑफिसच्या नैसर्गिक आपत्ती शाखेत जाऊन तालुक्याचा एकत्रित अहवाल मागायचा आणि बसून वाचायचा. पहिल्यांदा गेलात तर तिथल्या माणसालाच हा जीआर माहीत नसण्याची शक्यता आहे, म्हणून प्रिंट सोबत न्या आणि आवाज न चढवता दाखवा. चहा पण मिळाला होता मला एकदा.

उत्तर नाही आलं किंवा अर्धवट आलं तर पहिलं अपील, त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे, ३० दिवसांच्या आत, २० रुपयांचा स्टॅम्प. तिथंही नाही जमलं तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या आपल्या विभागाच्या खंडपीठाकडे दुसरं अपील. तिथं वेळ लागतो, वर्ष-दीड वर्ष सुद्धा, खोटं कशाला सांगू. पण पहिल्या अपिलाची सुनावणी लागली की बहुतेकदा आदल्या दिवशी तलाठ्याचा फोन येतो, की या आणि यादी घेऊन जा. माहिती न दिल्यास अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० दंड होऊ शकतो आणि तो त्याच्या पगारातून जातो, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

यादी हातात आली आणि चूक सापडली की मग तहसीलदारांच्या नावाने साधा अर्ज, सोबत पंचनाम्याची प्रत, सातबारा, आधार, पासबुक आणि ज्या रकान्यात चूक आहे त्यावर पेनने गोल. काकांच्या त्या अर्जावर तीन आठवड्यांत नवीन व्हीके नंबर पडला.